वृक्षछत्रातील इंधनाचे मापन आणि वणव्याचे प्रतिमान : पारसिक व येऊर डोंगररांगांच्या संदर्भात

प्रस्तावना

वणवा किती वेगाने पसरेल, त्याच्या ज्वाळा किती उंच जातील आणि तो माणसांच्या आटोक्यात राहील किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे हवामान, भूरचना आणि इंधन या तीन घटकांवर अवलंबून असतात. पैकी हवामान व भूरचना यांवर मनुष्याचा ताबा नाही. इंधन मात्र मोजता येते आणि काही अंशी कमीही करता येते. वनशास्त्रात इंधन या संज्ञेत उभ्या झाडाची पाने, बारीक काटक्या, वेली, झुडपे, गवत, पालापाचोळा आणि पडलेले लाकूड असे जळू शकणारे सर्व जैवद्रव्य समाविष्ट होते. यांतील जो भाग जमिनीपासून सुटून झाडांच्या शेंड्याकडे असतो, त्यास छत्र-इंधन असे म्हणता येईल.

ठाणे खाडीच्या पूर्वेस कळवा व मुंब्रा यांच्या पाठीशी पारसिकचा डोंगर उभा आहे. १९१६ साली खुल्या झालेल्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळे तो रेल्वेप्रवाशांच्या चांगला परिचयाचा आहे. खाडीच्या पश्चिमेस येऊरचे जंगल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग. या दोन्ही डोंगरांवर उन्हाळ्याच्या रात्री आगीची वाकडीतिकडी रेघ दिसणे आणि सकाळी तोच उतार काळा झालेला दिसणे ही गोष्ट ठाणेकरांना नवीन नाही. तथापि अशा आगीत नेमके किती व कोणते इंधन जळाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

छत्र-इंधन मोजण्याच्या जगभर रूढ झालेल्या पद्धती मुख्यतः उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी वनांसाठी घडलेल्या आहेत. ठाण्याच्या पानझडी वनांना त्या जशाच्या तशा लावल्यास उत्तर चुकते. याचे कारण साधे आहे : येथे वणवा पेटतो तेव्हा छत्र बव्हंशी झाडावर नसते, ते जमिनीवर उतरलेले असते. प्रस्तुत लेखात या पद्धतींचा परिचय करून देऊन, येथील वनांसाठी काय मोजावे व ते वर्षातील कोणत्या महिन्यात मोजावे, याचे विवेचन केले आहे.

प्रतिमानांना काय लागते?

वणव्याच्या वर्तनाच्या गणिती प्रतिमानांचा पाया तीन शास्त्रज्ञांच्या कार्यावर उभा आहे. बायरम यांनी १९५९ मध्ये अग्निरेषेची तीव्रता ही संकल्पना मांडली. इंधनाचे उष्णतामूल्य, प्रत्येक चौरस मीटरवर जळालेले इंधन आणि आग पुढे सरकण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे ही तीव्रता होय. ती आगीच्या रेषेच्या दर मीटरमागे किलोवॅटमध्ये सांगतात. रॉथरमेल यांनी १९७२ मध्ये अमेरिकन वनसेवेसाठी भूपृष्ठावरील आगीच्या वेगाचे समीकरण दिले. त्यात इंधनाचे वजन, थराची जाडी, कणांचा बारीकपणा, आर्द्रता, वारा व उतार ही सर्व परिमाणे येतात. पुढे कॅनडातील व्हॅन वॅगनर यांनी १९७७ मध्ये जमिनीवरची आग झाडाच्या शेंड्यात केव्हा चढते आणि चढल्यावर शेंड्याशेंड्यांतून केव्हा धावू लागते, या दोन प्रश्नांना स्वतंत्र उत्तरे दिली.

व्हॅन वॅगनर यांच्या मांडणीत छत्राची दोन मापे निर्णायक आहेत. पहिले माप तळउंचीचे, म्हणजे जमिनीपासून छत्र जेथे सुरू होते त्या पातळीचे. तळउंची मीटरमध्ये घेऊन तिला ०.०१ ने गुणावे. पर्णांतील आर्द्रतेच्या टक्केवारीची २५.९ पट करून त्यात ४६० मिळवावे. या दोहोंच्या गुणाकाराचा दीडवा घात घेतला म्हणजे आग वर चढण्यास लागणारी किमान तीव्रता मिळते. पानांतील आर्द्रता शुष्क वजनाच्या १०० टक्के धरल्यास १ मीटर तळउंचीसाठी ही तीव्रता सुमारे १६८ किलोवॅट प्रतिमीटर येते, तर ४ मीटरसाठी सुमारे १,३४७. म्हणजे तळउंची चौपट झाली की आगीला आठपट जोर लागतो. तळउंचीच्या मापातील लहानशी चूकसुद्धा उत्तरात किती मोठी होऊन बसते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे माप छत्र-इंधनाच्या घनतेचे, म्हणजे छत्राच्या दर घनमीटर अवकाशात किती किलोग्रॅम जळाऊ पाने व काटक्या आहेत याचे. झाडाचा बुंधा व जाड फांद्या येथे मोजत नाहीत, कारण आगीच्या पहिल्या झोतात त्या पेटत नाहीत. शेंड्यांची आग अखंड चालण्यासाठी तिला दर मिनिटाला दर चौरस मीटरमागे सुमारे ३ किलोग्रॅम इंधन मिळावे लागते. घनता ०.१ असल्यास आगीचा वेग मिनिटाला किमान ३० मीटर हवा; घनता ०.२ असल्यास १५ मीटर पुरतात. दाट पाइनवनात विरळणी का करतात, याचे गणित हेच आहे.

छत्र मोजण्याच्या पद्धती

सर्वांत विश्वसनीय पद्धत ही सर्वांत विध्वंसकही आहे. ठरावीक क्षेत्रातील प्रत्येक झाड तोडायचे, छत्राचे उंचीनुसार थर करायचे, प्रत्येक थरातील पाने व काटक्या जाडीनुसार वेगळ्या करून, सुकवून तोलायच्या. स्कॉट व राइनहार्ट यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातील पाच सूचिपर्णी वनांत हे काम केले आणि त्यावरून २००५ मध्ये छायाचित्रांची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे वनकर्मचाऱ्याला समोरच्या वनाशी छायाचित्र ताडून अंदाज बांधता येतो. राष्ट्रीय उद्यानात असे झाडे तोडून मोजणे अर्थातच अशक्य आहे.

दुसरी पद्धत वृक्षमितीची. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, झाडाची उंची व जात यांची नोंद घेऊन सूत्राने पानांचे वजन काढतात. आपल्याकडे सागासारख्या मोलाच्या झाडांसाठी लाकडाच्या घनफळाची कोष्टके फार पूर्वीपासून आहेत. परंतु लाकडाचे कोष्टक आणि पानांचे कोष्टक या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. इमारती लाकूड मोजणाऱ्या वनशास्त्राने पानांकडे लक्ष दिले नाही, ही तक्रार अनाठायी म्हणता येणार नाही.

तिसरी पद्धत प्रकाशाची. मत्स्याक्षी भिंगाने जमिनीवरून सरळ वर आकाशाचे छायाचित्र घेतले म्हणजे किती आकाश पानांनी झाकले आहे हे कळते आणि त्यावरून पर्णक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरवर किती चौरस मीटर पाने आहेत, याचा अंदाज येतो. चौथी पद्धत लेसर किरणांची. विमानातून किंवा ड्रोनमधून सोडलेला किरण पान, फांदी व जमीन यांवर आपटून परत येतो. परतीच्या वेळेवरून छत्राचा उभा छेद मिळतो. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेले नासाचे जेडी हे उपकरण याच तत्त्वावर चालते. त्याच्या एका ठशाचा व्यास सुमारे २५ मीटर असतो. मात्र तीव्र उतारावर एकाच ठशात वरची व खालची जमीन मिसळते आणि झाडाची उंची फसवी येते. पारसिकसारख्या अरुंद, चढाच्या डोंगरासाठी ही मर्यादा गौण नाही.

पानझडी वनातील अडचण

वरील सर्व पद्धतींत एक गृहीतक दडलेले आहे. छत्र बारा महिने जागेवर असते, हे ते गृहीतक. पाइन किंवा फरच्या बाबतीत ते बव्हंशी खरे आहे. ठाण्याच्या साग, ऐन, पळस, सावर, बोंडारा, काकड, पांगारा या वृक्षांच्या बाबतीत ते वर्षातून तीन-चार महिने सपशेल खोटे ठरते, आणि तेच महिने वणव्याचे असतात. महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा हंगाम मानतो.

भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेच्या द्वैवार्षिक अहवालातील छत्र-घनतेचे वर्ग सर्वपरिचित आहेत : ७० टक्के व त्याहून अधिक ते अतिघन, ४० ते ७० टक्के मध्यम घन, १० ते ४० टक्के विरळ. या वर्गीकरणासाठी उपग्रहाची चित्रे प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील घेतली जातात. आकाश निरभ्र असते आणि झाडांवर पाने असतात, म्हणून ही निवड वनक्षेत्र मोजण्यासाठी योग्यच आहे. परंतु त्याच नकाशावरून वणव्याचे प्रतिमान चालवले, तर संगणक मार्च महिन्यातील उघड्याबोडक्या सागवनात ऑक्टोबरची सावली धरतो. परिणामी दोन चुका होतात. छत्रात नसलेले इंधन छत्रात मोजले जाते. आणि जमिनीवरचा वारा प्रत्यक्षाहून कमी धरला जातो. दाट छत्राखाली वाऱ्याचा जोर उघड्या जागेच्या तुलनेत बराच घटतो. पाने गळाली की हा आडोसा जातो, ऊन थेट पाचोळ्यावर पडते आणि त्याची आर्द्रता आणखी उतरते.

दोन चित्रे घेणे हा या अडचणीवरील उपाय आहे. ऑक्टोबरमध्ये एक आणि मार्चमध्ये त्याच खुणेवरून दुसरे मत्स्याक्षी चित्र घेतल्यास दोहोंतील फरक म्हणजे गळालेले पर्णक्षेत्र होय. समजा हा फरक ४ आला आणि दर चौरस मीटर पानाचे शुष्क वजन १०० ग्रॅम भरले, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ४०० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ४ टन पाचोळा उतरला असे गणित होते. येथे छत्राचे मापन निरुपयोगी ठरत नाही, त्याचा अर्थ तेवढा बदलतो. ज्या स्थळांची ही दुहेरी मोजणी एकदा झाली, तेथे पुढील वर्षीचे ऑक्टोबरमधील चित्र म्हणजे चार महिन्यांनी जमिनीवर येऊ घातलेल्या इंधनाचा अंदाज होय. पावसाळ्यात पाचोळा बराचसा कुजून जात असल्यामुळे हा हिशेब बहुतांशी वर्षाच्या वर्षाला मांडता येतो.

गवताचे वेळापत्रक मात्र निराळे. पारसिकच्या ज्या भागांत झाडे विरळ आहेत तेथे गवत पावसाळा संपताच पिवळे पडू लागते आणि डिसेंबरपर्यंत पेटण्याजोगे होते. डिसेंबर २०१८ च्या आरंभी गोरेगाव-आरे परिसरातील टेकडीवर लागलेली मोठी आग ही फेब्रुवारीची वाट न पाहता आलेली होती.

आकडे काय सांगतात?

एक साधे उदाहरण घेऊ. जमिनीवर दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम सुका पाचोळा आहे, त्याचे उष्णतामूल्य किलोग्रॅममागे १८,००० किलोज्यूल आहे आणि आग मिनिटाला १ मीटर सरकते आहे. बायरम यांच्या सूत्राने तीव्रता १५० किलोवॅट प्रतिमीटर येते आणि ज्वाळेची लांबी पाऊण मीटरहून किंचित अधिक. एवढ्या आगीजवळ हिरव्या डहाळ्या घेतलेला वनरक्षक उभा राहू शकतो. आता हीच आग चढावर वाऱ्याच्या साथीने मिनिटाला ३ मीटर जाऊ लागली तर तीव्रता ४५० होते आणि ज्वाळा १.३ मीटरच्या आसपास पोहोचतात. हातातील साधनांनी आग थेट विझवण्याची मर्यादा साधारण ३५० किलोवॅट प्रतिमीटर मानली जाते. इंधन तेच, जागा तीच. केवळ वेग बदलल्याने काम माणसांच्या हाताबाहेर गेले.

पारसिकच्या कळव्याकडील उतारावर ही शक्यता विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दुपारनंतर कोकणात समुद्राकडून येणारा वारा पश्चिमेकडून वाहतो आणि हा उतार पश्चिमेलाच तोंड करून आहे. चढ आणि वारा एकाच दिशेने काम करतात. रॉथरमेल यांच्या समीकरणात उताराचा वाटा कोनाच्या स्पर्शकाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १५ अंशांच्या जागी ३० अंश झाले की हा वाटा सुमारे साडेचार पट होतो. आग वर धावते म्हणून पायथ्याची घरे सुरक्षित असे समजण्याचे कारण नाही, कारण वस्त्या आता पायथ्याशी थांबलेल्या नाहीत. याच उतारावरील घोलाईनगर येथे जुलै २०२१ मध्ये दरड कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा संबंध वणव्याशी जोडण्यास आधार नाही. परंतु उन्हाळ्यात पाचोळा, गवत व रोपे जळून उघडी पडलेली माती हीच जूनमधील पहिल्या सरीला सामोरी जाते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

कारवी, घाणेरी आणि शिडी

४५० किलोवॅटची आग ४ मीटर तळउंचीच्या छत्रात शिरू शकत नाही. तिला १,३४७ लागतात. ठाण्याच्या वनात शेंड्याची आग सहसा दिसत नाही, त्याचे कारण हेच. परंतु जमीन व छत्र यांमध्ये काही असेल तर हिशेब बदलतो. अशा मधल्या इंधनास शिडी-इंधन म्हणतात.

येऊरमध्ये ही शिडी दोन प्रकारची आहे. पहिली घाणेरीची. हे मूळचे अमेरिका खंडातील झुडूप वनाच्या कडेने दाट जाळी करते आणि झाडांवर टेकून चढते. आगीमुळे घाणेरी वाढते आणि घाणेरीमुळे आग वाढते, असे गृहीतक अंकिला हिरेमठ व भरत सुंदरम् यांनी २००५ मध्ये भारतीय वनांच्या संदर्भात मांडले होते. दुसरी शिडी कारवीची, आणि ती अधिक विलक्षण आहे. राष्ट्रीय उद्यानातील कारवी आठ वर्षांनी एकदाच सामूहिक रीतीने फुलते. २००८, २०१६ व २०२४ ही तिच्या फुलोऱ्याची वर्षे. फुलून बी धरल्यावर झुडूप मरते, परंतु लगेच पडत नाही. माणसाहून उंच अशा वाळक्या काठ्यांचे रान उभेच राहते.

हिरव्या कारवीची आर्द्रता १०० टक्के आणि वाळलेल्या कारवीची १० टक्के धरून व्हॅन वॅगनर यांचे सूत्र लावले, तर १ मीटर तळउंचीसाठी लागणारी तीव्रता १६८ वरून १९ वर येते. हे सूत्र जिवंत सूचिपर्णी छत्रासाठी बांधलेले असल्याने हा आकडा शब्दशः घेऊ नये. दिशा दाखवण्यापुरताच तो उपयोगी आहे. ती दिशा मात्र निःसंदिग्ध आहे. हजारो लोक कारवीचा फुलोरा पाहायला येतात. त्यानंतरचे दोन-तीन उन्हाळे कुणी मोजत नाही. वारली व ठाकर समाजांत कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती परंपरेने उभारल्या जात, म्हणजे हे इंधन काही प्रमाणात घरांच्या भिंतींत जात असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढण्यावर कडक निर्बंध असल्यामुळे ती वाट आता खुली राहिलेली नाही.

छत्र हे इंधन आहे, ही जाणीव ठाणे जिल्ह्याला नवीन नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना शेतकरी ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडून, वाळवून, शेण, गवत व माती यांच्या थरांसह दाढीच्या जागेवर जाळत. टहाळ किती भारे लागतील, याचा अंदाज त्याला वाफ्याच्या आकारावरून असे. एकोणिसाव्या शतकात राबासाठी टहाळ तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा मोठा असंतोष झाला. १८८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगाने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींची चौकशी केली. टहाळणीने ऐनाची तळउंची वाढते व छत्राचे वजन घटते, हे आजच्या परिभाषेत सांगता येईल. अर्थात शेतकऱ्याचा हेतू वणवा रोखणे हा नव्हता.

कळव्याच्या परिसरात मोजमाप कसे करावे?

उपग्रहावरून मिळणाऱ्या आगीच्या सूचना २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षणामार्फत राज्यांना दिल्या जात आहेत. आरंभीच्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका सुमारे १ किलोमीटर बाजूचा, तर नंतरच्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरचा आहे. आग कोठे लागली हे त्यावरून कळते. पाचोळा किती होता, हे कळण्यासाठी डोंगरावर चढावेच लागते.

त्यासाठी लागणारी साधने फार थोडी आहेत : मापनफीत, उतार मोजण्याचे यंत्र, एक मीटर बाजूची चौकट, ताणकाटा, पॉलिथिनच्या पिशव्या, जाळीचे सापळे आणि वनस्पतिशास्त्र विभागात बहुधा असतेच ती शुष्कपेटी. वन विभागाची लेखी परवानगी प्रथम घ्यावी. उंचीच्या तीन पातळ्यांवर स्थळे निवडावीत आणि पुन्हा तेथेच येता यावे यासाठी खुणा पक्क्या कराव्यात. उतारावर फीत जमिनीलगत धरल्यास क्षेत्र फुगते; ३० अंशांच्या उतारावर १० मीटर फीत प्रत्यक्षात ८.६६ मीटर आडवे अंतर देते. ही दुरुस्ती न केल्याने हेक्टरी टनांचे आकडे चुकतात, आणि नवख्या गटांकडून ही चूक हमखास होते.

गळणारी पाने पकडण्याचे सापळे जमिनीपासून वर बांधावेत, म्हणजे पाने कुजत नाहीत आणि वाळवी लागत नाही. ऑक्टोबर ते मे या काळात ते दर पंधरवड्यास रिकामे करावेत. जमिनीवरचा पाचोळा चौकटीतून गोळा करण्यापूर्वी त्याची जाडी चार कोपऱ्यांत व मध्यभागी मोजावी. सागाचे पान मोठे, कडक आणि सुकताना वळणारे असल्याने त्याचा थर पोकळ राहतो व त्यात हवा खेळते. बारीक पानांचा तेवढ्याच वजनाचा थर चपटा बसतो. वजन सारखे असूनही दोन्ही सारखे जळत नाहीत. आर्द्रतेचे नमुने दुपारी १ ते ३ या वेळेत घेऊन जागेवरच तोलावेत आणि ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवावेत. आर्द्रतेची टक्केवारी शुष्क वजनावर काढावी, ओल्या वजनावर नव्हे. प्रतिमानांना शुष्क वजनाचीच टक्केवारी लागते.

कारवी व घाणेरीसाठी तळउंची, शेंड्याची उंची आणि जिवंत-मृत काठ्यांची संख्या यांची वेगळी नोंदवही ठेवणे इष्ट. पारसिकवर गवताची चौकट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाकावी लागेल. फेब्रुवारीत गेल्यास मोजण्यासाठी गवताऐवजी राख मिळण्याचा संभव असतो. जाळरेषा प्रत्यक्षात कितपत स्वच्छ आहेत याची मोजणीही याच फेरीत होऊ शकते, आणि ती वनपरिक्षेत्र कार्यालयास तत्काळ उपयोगी पडेल. आठ वर्षांच्या हिशेबाने येऊरच्या कारवीचा पुढील सामूहिक फुलोरा २०३२ मध्ये अपेक्षित आहे. तत्पूर्वीच्या उन्हाळ्यांतील मोजमापे जुळवून ठेवली, तर जानेवारी २०३३ पासून उभ्या राहणाऱ्या वाळक्या रानाची तुलना करण्यासाठी आधार उपलब्ध होईल.